अर्धशिशी : दुखणे आणि त्याचा हिशेब



या व्याख्यानमालेत आजवर इतिहास, संतवाङ्मय, शिक्षण अशा भारदस्त विषयांवर विद्वानांनी पुष्पे गुंफली. त्या पंक्तीत डोकेदुखी घेऊन बसताना मला संकोच वाटला खरा. परंतु या सभागृहात आत्ता जी मंडळी बसली आहेत त्यांच्यापैकी कितीतरी घरांत हे दुखणे ठाण मांडून असणार, याविषयी मला शंका नाही. आणि त्या घरांत त्याविषयी जेवढे गैरसमज असतात तेवढे दुसऱ्या कोणत्या आजाराविषयी क्वचितच आढळतील. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या सरांचा शिरस्ता असा, की नवा धडा आला म्हणजे आधी त्यातल्या मुख्य शब्दाची फोड करायची आणि मग पुढे जायचे. मीही तोच क्रम धरतो.

अर्धशिशी म्हणजे अर्धे शीर्ष, अर्धे डोके. आपल्या प्राचीन वैद्यकात या दुखण्याला ‘अर्धावभेदक’ म्हटले आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात शिरोरोगांचे जे ११ प्रकार सांगितले आहेत त्यांत तो येतो, आणि तो पंधरवड्याने, दहा दिवसांनी किंवा अकस्मात उलटतो, असेही तेथे नोंदले आहे. गॅलन या ग्रीक वैद्याच्या लेखनात याच दुखण्याचे नाव ‘हेमिक्रेनिया’, म्हणजे अर्धी कवटी, असे येते. तेच नाव झिजत झिजत फ्रेंच भाषेत ‘मिग्रेन’ झाले आणि इंग्रजीच्या वाटेने ‘मायग्रेन’ होऊन आपल्या औषधाच्या चिठ्ठीवर येऊन बसले. नाव अर्थपूर्ण आहे, पण एका बाबतीत ते फसवते. पुष्कळ रुग्णांचे दोन्ही बाजूंचे डोके दुखते. काहींचे मानेपासून सुरू होऊन कपाळावर येते. ‘माझे अर्धेच दुखत नाही, म्हणजे ती अर्धशिशी नव्हे,’ असे म्हणून वर्षानुवर्षे भलत्याच वाटेने गेलेले रुग्ण मी पाहिले आहेत. सुश्रुतांच्या नोंदीतली मला अधिक मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट : हे दुखणे उलटते. मधले दिवस माणूस ठणठणीत असतो आणि मुदत भरल्यासारखे ते परत येते. निदानाची पहिली किल्ली हीच आहे.

आंतरराष्ट्रीय शिरोवेदना संस्थेने १९८८ साली डोकेदुखीचे पहिले वर्गीकरण प्रसिद्ध केले. त्याची तिसरी आवृत्ती २०१८ सालची आहे. त्यानुसार प्रौढ माणसात अर्धशिशीचा झटका, उपचार न केल्यास, ४ ते ७२ तास चालतो. डोके एका बाजूने दुखणे, ठणका लागणे, वेदना मध्यम ते तीव्र असणे, आणि जिना चढणे किंवा खाली वाकणे अशा साध्या हालचालीने ती वाढणे, या चारांपैकी दोन गोष्टी हव्यात. त्याखेरीज मळमळ किंवा उलटी तरी हवी, नाहीतर उजेड आणि आवाज हे दोन्ही नकोसे व्हायला हवेत. असे निदान पाच झटके येऊन गेलेले असले म्हणजे निदान पक्के. पाहा, यात कोठेही यंत्र नाही, रक्ततपासणी नाही, छायाचित्र नाही. रुग्ण जे सांगतो तेवढ्यावर हे निदान उभे असते. म्हणूनच त्याचे ऐकून घेणे हा येथे शिष्टाचार नसून तपासणीचा भाग आहे.

हे दुखणे किती जणांना असते? बेंगळूरच्या निम्हान्स या संस्थेतील संशोधकांनी बेंगळूर शहरात आणि आसपासच्या खेड्यांत घरोघर जाऊन केलेली पाहणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. वर्षभरात अर्धशिशी झालेल्या प्रौढांचे प्रमाण तीत सुमारे २५ टक्के निघाले. म्हणजे आपल्याच राज्यात दर चारांमागे एक. जगभरच्या अंदाजांपेक्षा हा आकडा मोठा आहे. लहान वयात मुलगे आणि मुली यांच्यात फारसा फरक नसतो, पण वयात आल्यानंतर स्त्रियांमधील प्रमाण पुरुषांच्या दुपटी-तिपटीवर जाते. तरीसुद्धा आपल्या घरांत या रोगाला त्याच्या नावाने हाक मारली जात नाही. त्याला दुसरीच नावे आहेत, आणि त्या नावांनी फार घोटाळा केला आहे.

त्यांतले पहिले आणि सर्वांत हट्टी नाव म्हणजे पित्त. ‘मला पित्ताचा त्रास आहे, पित्त चढले की डोके दुखते, उलटून पडले की थांबते,’ हे वाक्य मी माझ्या व्यवसायात जितक्या वेळा ऐकले तितके दुसरे कोणतेही ऐकले नसेल. या वाक्यात अनुभव खरा आहे, अनुमान चुकीचे आहे. झटका सुरू झाला की मेंदूतील मळमळीची केंद्रे चाळवतात आणि जठराची हालचाल मंदावते. पोटात गेलेले अन्न तेथेच पडून राहते. कित्येकांना झटक्याच्या अखेरीस उलटी होते आणि मग झोप लागून उतार पडतो. उपाशी पोटी उमासे आले की शेवटी पिवळे-हिरवे पाणी पडते, ते पाहून ‘हेच ते पित्त, हेच डोक्यात गेले होते’ अशी समजूत होते. प्रत्यक्षात डोके आधी, पोट नंतर. पावसाच्या आधी बेडूक ओरडतात म्हणून बेडकांनी पाऊस पाडला असे आपण म्हणत नाही. येथे तर बेडूक पावसाच्या नंतर ओरडतो आहे. या समजुतीचा तोटा असा, की रुग्ण वर्षानुवर्षे आम्लपित्ताच्या गोळ्या, सोडा आणि कोकमाचे सार यांवर काढतो, आणि डोक्याच्या रोगावर उपचार असतात हे त्याच्या गावीही नसते. कोकमाच्या साराविरुद्ध माझी काही तक्रार नाही.

दुसरे नाव सायनस. झटक्यात नाक चोंदते, डोळ्यांतून पाणी येते, कपाळ व गालफडे जड होतात. साहजिकच संशय नाकावर जातो. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात स्वतःला ‘सायनसची डोकेदुखी’ आहे असे मानणाऱ्या २,९९१ लोकांची तपासणी केली, तेव्हा त्यांतील ८८ टक्के लोकांची लक्षणे अर्धशिशीची निघाली. खऱ्या सायनसच्या दाहात ताप आणि नाकातून पिवळा-हिरवा घट्ट स्राव असतो, आणि तो दर महिन्याला ठरल्यासारखा येत नाही. बेळगावच्या पावसाळी, दमट हवेत वाढलेल्या आपणा सर्वांना सर्दीचा परिचय इतका दाट, की हा घोटाळा येथे जरा जास्तच होतो. तिसरे नाव चष्म्याचा नंबर आणि चौथे मानेचे मणके. चाळिशीनंतर मानेच्या क्ष-किरण चित्रात झीज बहुतेकांना दिसतेच. झटक्यापूर्वी मान आखडणे हे अर्धशिशीचे नेहमीचे लक्षण. दोहोंची गाठ घालून गळ्यात पट्टा बांधला जातो.

पाचवे नाव रोगाचे नाही, स्वभावाचे आहे, आणि ते बहुधा घरातल्या बाईलाच मिळते. ‘कामाच्या वेळी बरे हिचे डोके दुखते.’ या आरोपाला एक आधार असल्यासारखा दिसतो : कितीतरी बायकांचा झटका सणाच्या धांदलीत येत नाही, तर सण पार पडल्याच्या दुसऱ्या दिवशी येतो; नोकरी करणाऱ्यांचा रविवारी येतो. ताण ओसरताना झटका येणे हा या रोगाचा ज्ञात स्वभाव आहे. गौरी जेवून गेल्या, माणसे पांगली, आणि घरची सून अंधार करून पडली, यात नाटक शोधणाऱ्यांनी तेवढे लक्षात ठेवावे.

मग डोक्यात नेमके होते तरी काय? मेंदूच्या पेशींना स्वतःला वेदना कळत नाही. वेदना कळते ती मेंदूवरच्या आवरणांना आणि तेथल्या रक्तवाहिन्यांना, आणि ती वाहून नेतो तो चेहरा, डोळे व कपाळ यांचीही संवेदना वाहणारा पाचवा मस्तिष्क-मज्जातंतू. विसाव्या शतकात बराच काळ अर्धशिशी हा रक्तवाहिन्यांचा रोग मानला जाई. त्या आधी आकसतात, मग फुगतात आणि ठणकतात, असे अमेरिकेतील हॅरोल्ड वुल्फ यांचे प्रतिपादन होते. आज रक्तवाहिन्यांकडे दुय्यम भूमिका आली आहे. मूळ दोष मेंदूच्या संवेदनशीलतेत आहे आणि तो बहुतांशी आनुवंशिक आहे. जो उजेड, आवाज, वास दुसऱ्याच्या मेंदूत सहज जिरून जातो, तो या मेंदूत जिरत नाही. बदल त्याला मानवत नाही. झोपेतला, जेवणातला, हवेतला, संप्रेरकांतला, कोणताच. लहानपणी चोर्ला घाटातून गोव्याला जाताना ज्याला हमखास गाडी लागायची, त्याला पुढे अर्धशिशी होण्याचा संभव इतरांपेक्षा अधिक, याचे मूळही तेथेच.

काही रुग्णांना, साधारण चारांपैकी एकाला, डोके दुखण्यापूर्वी डोळ्यांपुढे चकाकणारी नागमोडी कड दिसते. ती हळूहळू पसरत जाते, तिच्या आत दिसेनासे होते, आणि वीस-तीस मिनिटांत ती नाहीशी होते. याचा शोध कसा लागला ती हकिगत मोठी रम्य आहे. कार्ल लॅशली हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्वतः या अनुभवाचे धनी होते. आपल्याला दिसणारी कड कोणत्या वेळी कोठे पोचली याची चित्रे काढून त्यांनी १९४१ साली असे गणित मांडले, की मेंदूच्या दृष्टिक्षेत्रावरून काहीतरी मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर वेगाने सरकत असले पाहिजे. पुढे तीनच वर्षांनी, १९४४ साली, ॲरिस्टिडिस लियाओ या ब्राझिलियन संशोधकाने सशाच्या मेंदूवर अगदी तशाच संथ वेगाने सरकणारी, विद्युत्-क्रिया मंदावत नेणारी लाट प्रसिद्ध केली. एकाने ती आतून पाहिली, दुसऱ्याने बाहेरून. हे नागमोडी दृश्य दिसणाऱ्या स्त्रियांनी एक गोष्ट डॉक्टरांना न विसरता सांगावी. इस्ट्रोजेन असलेल्या संततिनियमनाच्या गोळ्या त्यांनी घेऊ नयेत, कारण त्यांच्यात पक्षाघाताचा धोका वाढतो. धूम्रपान तो आणखी वाढवते.

आता उपचारांकडे वळू. झटक्यावरचा उपचार आणि झटके कमी करण्याचा उपचार हे दोन निरनिराळे आहेत, आणि बहुतेक रुग्णांना यांतला पहिलाच माहीत असतो, तोही अर्धवट.

झटक्याच्या उपचारात वेळ फार महत्त्वाची. आपल्याकडे सहन करण्याला मान आहे. ‘अगदीच असह्य झाले तर गोळी घेईन’ असे अभिमानाने सांगितले जाते. तोवर जठर थंडावलेले असते आणि गोळी पोटात पडून राहते, रक्तात उतरत नाही. म्हणून गोळी घ्यायची तर वेदना सौम्य असतानाच, आणि पुरेशा मात्रेत. प्रौढ माणसाला एकावेळी पॅरासिटामॉल १००० मिलिग्रॅम, ॲस्पिरिन ९०० मिलिग्रॅम किंवा नॅप्रॉक्सेन ५०० मिलिग्रॅम यांपैकी एक, आणि मळमळ असल्यास डॉम्पेरिडोन किंवा मेटोक्लोप्रमाइड, जेणेकरून जठर हलते होईल. अल्सर, दमा, मूत्रपिंडाचा विकार, गर्भारपण असे काही असल्यास यांतले काय चालेल ते डॉक्टरांनाच ठरवू द्यावे. अर्धी गोळी घेऊन दोन तासांनी उरलेली अर्धी घेण्याची जी काटकसर घराघरांत चालते, तिच्याने काहीच साधत नाही.

यांनी भागले नाही तर ट्रिप्टान वर्गातील औषधे आहेत. त्यांपैकी पहिले, सुमाट्रिप्टान, पॅट्रिक हम्फ्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनातून निघाले व १९९१ साली बाजारात आले. हृदयरोग्यांना आणि पक्षाघात होऊन गेलेल्यांना ती वर्ज्य. त्याआधीचे औषध अर्गोटामीन. राय नावाच्या धान्यावर पडणाऱ्या बुरशीतून ते १९१८ साली वेगळे काढले गेले. आपल्याकडे बाजरीवर पडणारा अरगट हा त्या बुरशीचा जातभाई. अर्गोटामीन स्वस्त आहे आणि वेदनाशामके व कॅफीन यांच्याबरोबर एकाच गोळीत मिसळून आपल्याकडे ते सर्रास विकले गेले आहे. पण ते हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळते. नेहमी घेणाऱ्याची किंवा त्याबरोबर काही विशिष्ट प्रतिजैविके घेणाऱ्याची बोटे काळी पडू शकतात. हे औषध शेजाऱ्याने सुचवले म्हणून घेण्यातले नव्हे.

येथे मी आजच्या विषयाच्या गाभ्याशी आलो. झटक्यावर गोळी लवकर घ्या, पुरेशी घ्या, असे मी आत्ताच म्हटले. त्याच दमात दुसरे वाक्य सांगितले पाहिजे : फार दिवस घेऊ नका. ज्या मेंदूला अर्धशिशीची प्रवृत्ती आहे त्याला वेदनाशामकाची सवय लागली, की तेच औषध डोकेदुखीचे कारण होऊन बसते. साध्या गोळ्या महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, आणि ट्रिप्टान, अर्गोटामीन किंवा मिश्र गोळ्या महिन्यातून १० किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून जास्त काळ चालले म्हणजे ही अवस्था येऊ शकते. ध्यानात घ्या, मोजायचे ते दिवस, गोळ्या नव्हेत. एका दिवशी डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन गोळ्या घेतल्या तरी तो एकच दिवस. रोज अर्धी गोळी घेतली तर मात्र महिन्याचे तीस दिवस भरले.

वडगाव भागातील एका विणकर कुटुंबातील बाई माझ्याकडे आल्या होत्या. ओळख पटू नये इतपत तपशील मी बदलले आहेत. वय चाळिशीच्या अलीकडचे, घरात दिवसभर मागांचा खडखडाट. विशीत महिन्याला दोन झटके येत. पुढे दुकानातून मिळणारी, कॅफीन मिसळलेली गोळी त्या सकाळी चहाबरोबर घेऊ लागल्या, ‘दुखू नये म्हणून’. आल्या तेव्हा डोके दुखत नाही असा दिवसच उरला नव्हता. सासूबाई बरोबर होत्या. त्या म्हणाल्या, “डॉक्टर, हिला जोराची गोळी द्या, ही आता लागू पडत नाही.” त्यांना पटवायला मला अर्धा तास लागला, की गोळी लागू पडत नाही हे खरे, पण दुखवते तीच. गोळी बंद केली. पहिले आठ-दहा दिवस फार वाईट गेले. ते तसे जाणार हे आधीच सांगून ठेवले होते, आणि त्या दिवसांपुरते दुसरे औषध दिले होते. त्याच वेळी प्रतिबंधक औषध सुरू केले. तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस झटके महिन्याला चारांवर आले. सासूबाईंनी त्या दहा दिवसांत स्वयंपाक अंगावर घेतला होता, हे मला पुढच्या खेपेला कळले. औषधाइतकाच त्याचाही वाटा आहे असे मी मानतो.

या बाईंचा हिशेब आम्ही कशावर ठेवला? भिंतीवरच्या कालनिर्णयावर. मराठी घरात दुधाचा हिशेब, गॅसचा नंबर, मोलकरणीचे खाडे हे सारे त्या चौकोनांत लिहिलेले असते. तेथेच डोके दुखले त्या तारखेला फुली आणि गोळी घेतली त्या तारखेला टिंब, एवढेच करायचे. मासिक पाळीची तारीखही खूण करून ठेवायची. तीन महिन्यांची ती पाने फाडून घेऊन जो रुग्ण माझ्यापुढे येतो, त्याचे निम्मे काम झालेले असते. टिंबे दहाच्या जवळ गेलेली एका दृष्टिक्षेपात दिसतात. शिवाय त्या दिनदर्शिकेत सणवार छापलेले असतात, आणि मग कधी कधी असे दिसते, की फुली बरोबर संकष्टीवर आहे.

उपवासाचा विषय नाजूक आहे. पण तो टाळणे योग्य होणार नाही. उपासमार हे झटक्याचे फार सामान्य निमित्त आहे. संकष्टीला चंद्रोदय पुष्कळदा रात्री नऊच्या आसपास असतो, आणि दिवसभर पोटात चहाखेरीज काही नसते. हरितालिकेला कित्येकजणी पाणीही घेत नाहीत. जी माणसे उपवासाला चहाही सोडतात त्यांना कॅफीन तुटल्याची डोकेदुखी अर्ध्या-एक दिवसात गाठते, ती वेगळीच. श्रद्धा सोडा असे सांगणारा मी कोण? परंतु दर तीन-चार तासांनी दूध, फळ, राजगिऱ्याचा लाडू असे काही घेणे आणि पाणी भरपूर पिणे हे बहुतेक उपवासांत बसते. जेथे बसत नाही तेथे आपल्या आजाराच्या माणसाला घरच्या वडीलधाऱ्यांनीच सूट द्यावी. तिने स्वतः मागितली तर तिला अपराधी वाटते.

निमित्ते आणखीही आहेत : जागरण, तसेच सुटीच्या दिवशीची लांबलेली झोप, ऊन, उदबत्तीचा किंवा अत्तराचा उग्र वास, मिरवणुकीतले ध्वनिवर्धक. मुंबईचे डॉ. के. रविशंकर यांनी २००६ साली ज्यांचा झटका डोक्यावरून न्हाण्याने सुरू होतो अशा ९४ भारतीय रुग्णांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. आमच्या आजीच्या पिढीला हे पाठच होते. पण निमित्तांच्या मागे फार लागू नये. झटक्याच्या आदल्या दिवशी काहींना जांभया येतात, गोड खावेसे वाटते, चिडचिड होते. त्या वेळी खाल्लेल्या चॉकलेटवर दुसऱ्या दिवशी खापर फुटते. वस्तुतः खाण्याची ती इच्छाच झटक्याची नांदी होती. अशा रीतीने एकेक पदार्थ वगळत दही, लोणचे, वांगे, डाळ सारे सोडून वाळलेली माणसे मी पाहिली आहेत.

महिन्यातून चार किंवा अधिक दिवस झटक्यात जात असतील, किंवा झटके थोडे पण माणसाला पार झोपवणारे असतील, तर रोज घ्यायच्या प्रतिबंधक औषधाचा विचार करावा. ही औषधे मुळात दुसऱ्याच रोगांसाठी निघालेली आहेत. प्रोप्रॅनोलॉल हे हृदयविकाराचे औषध. १९६६ साली छातीतल्या कळांसाठी ते घेणाऱ्या एका रुग्णाची अर्धशिशी कमी झाली आणि त्याचा हा गुण योगायोगाने लक्षात आला. दमेकऱ्यांना ते देत नाहीत. ॲमिट्रिप्टिलीन नैराश्यासाठी निघाले, टोपिरामेट आणि व्हॅल्प्रोएट फेफऱ्यासाठी. फ्लुनारिझीन आपल्याकडे फार वापरतात. त्याने वजन वाढते, मन खिन्न होऊ शकते आणि वृद्धांना कंप सुटू शकतो. व्हॅल्प्रोएट व टोपिरामेट गर्भाला घातक असल्याने मूल होण्याच्या वयातील स्त्रियांना ती देताना फार जपावे लागते. व्हॅल्प्रोएट तर अर्धशिशीसाठी त्यांना देऊच नये. घोटाळा होतो तो औषधाच्या दुकानात. दुकानदार सहज विचारतो, ‘तुम्हाला बीपीची गोळी कशाला दिली?’ किंवा ‘ही तर फिटची गोळी.’ झाले, घरी जाऊन गोळी बंद. म्हणून मी चिठ्ठी देतानाच हे सांगून टाकतो. दुसरे असे, की ही औषधे अल्प मात्रेत सुरू करून वाढवत न्यावी लागतात आणि गुण यायला सहा ते आठ आठवडे लागतात. दहा दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून सोडणाऱ्याने औषध घेतलेच नाही असे समजावे. झटके निम्म्यावर आले म्हणजे औषध यशस्वी झाले; समूळ उच्चाटनाचे आश्वासन कोणी देत असेल तर त्याच्यापासून दूर राहावे.

अलीकडची मोठी घटना म्हणजे सीजीआरपी या द्रव्यावरचे संशोधन. झटक्याच्या वेळी हे द्रव्य मानेतील शिरेच्या रक्तात वाढते, असे पीटर गोड्सबी आणि लार्स एडविनसन यांनी १९९० साली दाखवले. त्याला अडवणारे पहिले इंजेक्शन अमेरिकेत २०१८ साली मान्य झाले, आणि पोटात घ्यायच्या गोळ्या २०१९ अखेरपासून. केवळ अर्धशिशी रोखण्यासाठीच घडवलेली ही पहिली औषधे. या कामाबद्दल २०२१ सालचा ‘ब्रेन प्राइझ’ त्या दोघांना, मायकेल मॉस्कोविट्झ आणि जेस ओलेसेन यांच्यासह मिळाला. औषधे चांगली आहेत, महाग आहेत, आणि जुनी स्वस्त औषधे नीट वापरून झाल्यावर बऱ्याच जणांना त्यांची गरज पडत नाही, असा माझा अनुभव आहे. योगासने व प्राणायामाविषयी मला नेहमी विचारतात : दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील एक चाचणी २०२० साली प्रसिद्ध झाली, तीत औषधांच्या जोडीला तीन महिने योग करणाऱ्यांना केवळ औषधे घेणाऱ्यांपेक्षा अधिक आराम पडला. ‘जोडीला’ हा शब्द अधोरेखित करावा.

हे सारे ठरीव चालीच्या अर्धशिशीविषयी झाले. एका क्षणात कळसाला पोचलेली, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी. तापाबरोबर मान ताठणे. हातपाय लुळे पडणे, शुद्ध हरपणे. डोक्याला मार लागल्यानंतरचे दुखणे. बाळंतपणाच्या आगेमागे प्रथमच उद्भवलेली तीव्र डोकेदुखी. यांत घरी थांबू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी, विशेषतः चावताना जबडा दुखत असेल तर, उशीर झाल्यास दृष्टी घालवू शकते. मेंदूचे छायाचित्र अशांना हवे. पंधरा वर्षे तीच चाल असलेल्या अर्धशिशीला सहसा नको.

शाळेच्या व्यासपीठावर उभा आहे म्हणून शेवटी मुलांविषयी. मुलांत झटका लहान असतो, कधी दोनच तासांचा. दुखते ते कपाळ, बहुधा दोन्हीकडे. उलटी होते, मूल झोपते आणि उठून खेळायला पळते. नेमके यामुळेच त्याच्यावर ढोंगाचा शिक्का बसतो. काहींना डोके न दुखता नुसते पोटच दुखते. यांच्यापैकी पुष्कळ मुले सकाळी सात वाजता उपाशी पोटी घर सोडतात, उन्हात प्रार्थनेला उभी राहतात आणि दीर्घ सुटीपर्यंत पाण्याचा घोट घेत नाहीत. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे, की एक लहान खोली, खिडकीला जाड पडदा, एक खाट आणि पाण्याचा तांब्या एवढी सोय करावी. पालकांच्या लेखी संमतीने, डॉक्टरांनी वजनानुसार ठरवून दिलेली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनची मात्रा वर्गशिक्षकांकडे ठेवावी. सोळा वर्षांखालील मुलांना ॲस्पिरिन मात्र देऊ नये. दुखू लागल्याबरोबर गोळी आणि तासभर अंधारात झोप मिळाली, तर यांतली बरीच मुले दुपारच्या तासाला पुन्हा वर्गात येऊन बसतात.